मार्थामायच्या मुठीतली डबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बिशपांना नाही, सोबतच्या धर्मगुरूंना नाही, ज्यांच्यापुढे गुडघे टेकून मी पापनिवेदन करतो त्या वृद्ध फादरांनाही नाही. मी कॅथलिक धर्मगुरू आहे. मूळचा वसईचा, तरुणपणी मिशनकार्यासाठी बीड जिल्ह्यात आलो तो इथलाच होऊन गेलो. ज्याला गावोगावचे लोक ‘फादर, आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून सांगतात, त्या या पन्नाशी उलटलेल्या माणसाने कित्येक वर्षं एकट्याने बसून प्रार्थनाच केलेली नव्हती.

लोकांसमोर सगळं चालू होतं. रोजची मिस्सा-उपासना होत होती, बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी होत होते. प्रार्थना कशी करावी यावर मी शिबिरांत बोलत असे, आणि बरं बोलत असे. ऐकताना माणसं डोळे पुसत. पण लोक घरी गेले, चॅपलचं दार ओढून घेतलं, की मी तिथे क्षणभरही थांबत नसे. धर्मगुरूने रोज नेमाने म्हणायचं प्रार्थनेचं पुस्तक उशाशी पडून असे आणि त्यावर मी चष्मा ठेवत असे. पापनिवेदनात ‘प्रार्थनेत लक्ष लागत नाही’ असं म्हणायचो. लक्ष लागायला आधी प्रार्थनेला बसावं लागतं, हे मी सांगत नव्हतो. ते फादरही थकलेले होते, ‘प्रयत्न करत राहा’ म्हणायचे.

कारण विचाराल तर भीती. फार मोठं संकट कोसळलं आणि श्रद्धा उडाली, असं काही झालं नव्हतं. एका संध्याकाळी मी वेदीसमोर रोजच्यासारखा बसलो होतो आणि एकाएकी वाटलं की समोर कुणी नाही. लहानपणी बाजारात आई समजून भलत्याच बाईचा पदर धरावा आणि वर बघितल्यावर अंगातून जे जावं, ते गेलं. मी उठलो, दिवे लावले, बाहेर येऊन वॉचमनशी उगाच टँकरबद्दल बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी बसायला गेलो तर आधीपासूनच छातीत धडधडत होतं. मग मी बसणंच टाळलं. मिशनमध्ये कामाला तोटा नव्हता. वसतिगृहाचं पाणी, शाळेच्या मान्यतेसाठी चकरा, वादळात उडालेले पत्रे. लोक म्हणायचे, फादर किती राबतात. मी राबत नव्हतो, पळत होतो.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आहे तो ऊसतोडीच्या हंगामातला. आमच्या भागात दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे जातं आणि मागे म्हातारी माणसं राहतात. दुपारी जेवून उठलो होतो. पत्र्याच्या हिशेबावरून ठेकेदाराशी माझी खडाजंगी चालली होती, तेवढ्यात दाविदचा फोन आला. दावीद आमच्या धर्मग्रामातला, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतला, घाटनांदूरच्या पुढे डोंगराकडच्या गावात राहणारा. बायकोला घेऊन तो कर्नाटकात तोडीवर गेला होता. मागे त्याची आई, मार्थामाय, एकटी होती.

“फादर, मायचं काय खरं न्हाई,” तो म्हणाला. “शेजारच्या कौसल्याकाकूचा फोन आलता. दोन दिस झालं, पोटात पानी बी ठरंना. मुकादम सोडंना गेलाय, पर मी निघतोच बगा. तुमी तेवढं जावा. ती तुमचीच वाट बघायलीय. प्रसाद घेतल्याबिगर जायची न्हाई म्हनती.”

प्रसाद म्हणजे ख्रिस्तप्रसाद. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला प्रभूचं शरीर शेवटची शिदोरी म्हणून द्यायचं, ही आमची रीत. ज्यांचं आयुष्य शिदोऱ्या बांधून गाव सोडण्यात गेलं, त्या लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेदीमागे एक छोटी पवित्र पेटी असते, तिच्यात ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो. आजाऱ्याकडे निघताना धर्मगुरूने पेटीसमोर गुडघे टेकायचे, जरा थांबायचं, पेटी उघडायची, प्रसाद एका लहानशा गोल डबीत घ्यायचा, डबी कापडी बटव्यात घालून गळ्यात अडकवायची आणि वाटेत फार बोलायचं नाही. मी ते थांबणं कधीच सोडलं होतं. उघडायची, घ्यायचं, निघायचं. त्या दिवशी ठेकेदार मागे मागे येत होता. त्याच्याशी बोलत बोलतच मी चॅपलच्या मागच्या खोलीत शिरलो, खुंटीवरचा बटवा गळ्यात घातला आणि मागच्याच दाराने बाहेर पडून मोटारसायकलला किक मारली.

रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर आणि परळीच्या वीजकेंद्राकडून येणारे राखेचे ट्रक. राखेने डोळे चुरचुरत होते आणि मी मनातल्या मनात ठेकेदाराला द्यायची उत्तरं जुळवत होतो.

मार्थामायचं घर म्हणजे एक खोली. खाटेवर ती चादरीखाली इतकी थोडी उरली होती की आधी खाट रिकामीच वाटली. उशाशी कौसल्याबाई बसली होती. ती हिंदू, पण दोघींची मैत्री तरुणपणापासूनची, एकाच टोळीत ऊस तोडून झालेली.

“कोन? फादर का?” म्हातारीने डोळे उघडले. “लई उशीर केलाव. वर जाऊन तुमचं गाऱ्हानं सांगनार व्हते.”

“तिथं बी भांडशील,” कौसल्याबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपत बाहेर गेली.

मार्थामायने पापनिवेदन केलं. ते गुपित असतं, त्याबद्दल मला बोलता येत नाही. एवढंच म्हणतो की मरणाच्या भीतीने थरथरणारी ती बाई माझ्याशी पूर्ण खरं बोलली. ते झाल्यावर तिला गिळवेल एवढा लहान तुकडा करून ठेवावा म्हणून मी तिच्याकडे पाठ करून डबी उघडली.

डबी रिकामी होती.

आत घासलेलं पितळ चकाकत होतं आणि त्यात माझं नाक वेडंवाकडं दिसत होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या आजाऱ्यांना प्रसाद देऊन झाल्यावर मीच डबी स्वच्छ पुसून बटव्यात ठेवली होती. आज मी पवित्र पेटीपाशी गेलोच नव्हतो. गुडघे टेकायला थांबलो असतो तर हे झालं नसतं. वर्षानुवर्षांची चोरी अशी तळहातावर उघडी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी डबी मिटली. तिचा टक् असा आवाज झाला, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. “माय, माझी चूक झाली, प्रसाद आणायचा राहिला,” एवढंच तर म्हणायचं होतं. मी वळलो आणि म्हणालो, “माय, तेल विसरलो गं. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल. जाऊन घेऊन येतो.” तेलाची बाटली माझ्या खिशात होती.

तिने माझ्याकडे बघितलं. “तेल ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या. परभूला तर आनलंय न्हवं?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग त्याला हितं ठिवून जा.” तिने हात पुढे केला. “मला एकलीला भ्या वाटायलंय, फादर. दिसभर त्या कोपऱ्यात कोनतरी उभं ऱ्हायल्यासारखं वाटतंय. कौसीला सांगितलं तर ती बी भेती.”

ख्रिस्तप्रसाद असा कुणापाशी ठेवून जायचा नसतो. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग लक्षात आलं, रिकाम्या डबीला कसला आलाय नियम. त्या विचाराची मला इतकी किळस आली की आजही येते. मी ती डबी तिच्या हातावर ठेवली. तिने ती मुठीत घट्ट धरली, मूठ छातीवर ठेवली आणि डोळे मिटून म्हणाली, “जावा आता. आमी हाव दोगं.”

तिथून कसा निघालो ते आठवत नाही. रस्ता लागल्यावर मात्र सगळं स्वच्छ कळायला लागलं. एक मरणारी बाई देव समजून रिकामं पितळ उराशी धरून पडली होती आणि ते मी तिला दिलं होतं. मी पोचायच्या आत ती गेली तर ते पितळच तिची शिदोरी होणार होतं. कोपऱ्यात उभं असलेलं जे काही तिला दिसत होतं, त्याच्यासमोर मी तिला एकटी सोडून आलो होतो. आणि समजा, त्या संध्याकाळी मला वाटलं होतं ते खरं असेल, समोर खरंच कुणी नसेल, तर मग सगळ्याच डबीत पितळ आहे आणि सगळेच एकटे आहेत. गाडीवर बसल्या बसल्या मी ओरडलो. शब्द नीट आठवतात, कारण ते वसईच्या माझ्या घरच्या बोलीत होते, ज्या बोलीत मी लहानपणी आईशेजारी बसून प्रार्थना म्हणायचो. अर्थ एवढाच होता: “मी तुला नेलं नाही. तू स्वतः जा. तिच्याजवळ जाऊन बस. माझं काय करायचं ते नंतर कर.”

तेवढ्यात क्लच वायर तुटली.

गाडी गचके खात फाट्यावर थांबली. तिथे एक गॅरेज होतं, म्हणजे चिंचेखाली एक टपरी आणि तेलाने काळी झालेली जमीन. एक दाढीवाला माणूस ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“कावून इतकी पळवायलाव? मोहळाच्या माशा लागल्या का मागं?” तो न उठताच म्हणाला. मग वर बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि पाना खाली ठेवला. “काय झालं?”

“एक म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय. मिशनमध्ये जाऊन मला परत तिच्याकडे जायचंय.”

“वायर न्हाई माझ्याकडं. अंबाजोगाईहून आनावी लागंल.” त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “ती लाल गाडी माझी. घेऊन जावा. मागचा ब्रेक लागत न्हाई, तेवढं ध्यानात ठिवा. न्हाईतर म्हातारीच्या आदी तुमचाच नंबर.”

मी नाव विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. किक मारली तेव्हा तो जवळ आला. “फादर हाव ना? माझी लेक बाळंतपनाला दवाखान्यात हाय. दुवा करा तिच्यासाठी.”

‘करतो’ हा शब्द माझ्या जिभेवर तयारच असायचा. बसस्टँडवर, लग्नात, फोनवर, कुणीही म्हटलं की ‘करतो’, आणि पाठ फिरली की विसरलो. त्या दिवशी तो शब्द उच्चारायचं धाडस झालं नाही. मी नुसती मान हलवली. पण निघालो आणि वाटेत खरोखर त्या अनोळखी मुलीसाठी बोललो. मार्थामायसाठी बोलत होतोच, त्यातच तिच्यासाठीही.

मिशनवर कुणी नव्हतं. वसतिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर्स संभाजीनगरला गेल्या होत्या, ठेकेदार कंटाळून निघून गेला होता. मी चॅपलमध्ये शिरलो. दुसरी डबी घेतली, पवित्र पेटीची किल्ली लावली आणि हात तिथेच थांबला. वेळ नव्हता. तरी मी गुडघे टेकले. काही उजेड पडला नाही, आवाज आला नाही. ज्या शांततेला घाबरून मी इतकी वर्षं पळत होतो, तीच शांतता तिथे होती, तशीच्या तशी. छातीत तसंच धडधडत होतं. फरक इतकाच की आज मला तिथे काहीतरी मागायचं होतं, आणि मागायला दुसरं दार नव्हतं. “तिच्याजवळ बसलायस ना?” मी विचारलं. मी भीतीसकट तिथे गुडघ्यांवर राहिलो, मग उठलो, पेटी उघडली, आत ख्रिस्तप्रसाद आहे हे डोळ्यांनी पाहिलं, डबीत घेतला, आणि निघालो.

परतीच्या वाटेवर ऊन उतरायला लागलं होतं. मागचा ब्रेक नसलेल्या गाडीवर, ट्रकांच्या राखेतून, छातीवरच्या बटव्यावर एक हात दाबून धरत मी चाललो होतो. गाव दिसलं. दाविदच्या दारात बायका जमलेल्या होत्या, चार-पाच जणी, गप्प उभ्या. मनात आलं, संपलं. गाडी भिंतीला टेकवून मी जवळजवळ पळतच गेलो.

कौसल्याबाईने ओठांवर बोट ठेवलं. “हळू या. बोलायलीय ती.”

“कुणाशी?”

“तुमच्या देवाशी. मी पानी पाजाया गेले तर म्हनली, तू भाईर हो कौसे, आमचं चाललंय. आता मला, जिनं हिच्यासंगं चाळीस कारखाने पालथे घातले तिला, भाईर काडती!” ती हसत होती आणि रडतही होती.

आत मार्थामाय होती तशीच होती, मूठ छातीवर. पण दुपारची थरथर गेली होती. तिने मला ओळखलं.

“लई बरं वाटलं,” ती म्हणाली. “उगडून बगावं वाटत व्हतं, पर न्हाई बगितलं. आपलं चांगलं न्हाई दिसत.”

“माय, कोपऱ्यात अजून कुणी आहे?”

“हाय की. पर आता भ्या न्हाई वाटत.”

मी खाटेशेजारी खाली बसलो. सांगायचं ठरवून आलो होतो. “माय, मला तुला एक सांगायचंय, त्या डबीत...”

“आदी मला परसाद द्या,” ती म्हणाली. “मंग काय सांगायचं ते सांगा. तुमी लोकं लई बोलता.”

मी तिच्या मुठीतून डबी सोडवून घेतली. ती तिच्या हाताने तापली होती. खिशातलं तेल काढून तिच्या कपाळाला आणि तळहातांना लावलं. मग नव्या डबीतून ख्रिस्तप्रसादाचा लहान तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि चमच्याने पाणी दिलं. दोन दिवस पाणीही न ठरलेल्या त्या पोटात ते राहिलं. ती म्हणाली, “आता झोपते,” आणि झोपली. मी थांबलो, पण मला ऐकण्याइतकी ती पुन्हा जागी झाली नाही. पहाटे दावीद पोचला तेव्हा तिने डोळे उघडले आणि त्याच्याशी दोन शब्द बोलली. उजाडल्यावर गेली.

यात चमत्कार होता का, हे मला कुणी विचारू नये. ती इतका वेळ तगली, याला डॉक्टर कारण सांगतील. भीती कशी गेली, तर म्हातारं माणूस जे मानतं ते त्याला आधार देतं, असंही कुणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला माझ्यापुरतं एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी मी फसवून जे तिच्या हातात दिलं, त्याने तिला फसवलं नाही. मी रस्त्यावर जे ओरडलो ते कुणीतरी ऐकलं असावं, असं मी मानतो, आणि त्या मानण्यावर आता रोज सकाळी चॅपलमध्ये जाऊन बसतो. दिवे न लावता, बाहेर कुणाला जाग यायच्या आत. भीती गेलेली नाही. कित्येकदा समोर कुणी नाही असं आजही वाटतं. पूर्वी असं वाटलं की मी उठून जायचो, आता बसून राहतो. समर्पण म्हणजे फार मोठं काही असेल अशी माझी समजूत होती. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की उठायचं नाही. आणि कुणी ‘प्रार्थना करा’ म्हणालं तर त्याचं नाव विचारून घेतो आणि दुसऱ्या सकाळी ते तिथे घेतो. गॅरेजवाल्याला नातू झाला. गाडी परत द्यायला गेलो तेव्हा पेढा देत तो म्हणाला, “आता ब्रेक दुरुस्त करतो, फादर, तुमाला बगून भ्या वाटलं.” प्रभूच्या या दयेचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही, म्हणून रोज थोडे मानतो.

पण एक गोष्ट राहिली आहे. शेवटच्या त्या दोन शब्दांत मार्थामायने लेकाला सांगितलं होतं, “देव दुपारभर माझ्यापाशी व्हता.” दाविदने ते मनावर घेतलं. तिच्या खाटेशेजारच्या भिंतीत त्याने एक कोनाडा केला आहे आणि त्यात क्रूस ठेवला आहे. हंगामावर जाताना तो कौसल्याबाईला सांगून जातो, तिथे मेणबत्ती लावत जा, आणि ती लावते. गावात मी गेलो की तो मला हाताला धरून तिथे नेतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “आमच्या मायसाठी फादर दोनदा आले. प्रभूला तिच्या हातात ठेवून तेल आणाया गेले.” लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी त्या कोनाड्यासमोर मान खाली घालून उभा राहतो आणि सगळ्यांना वाटतं, फादर प्रार्थना करताहेत.

मार्थामायला सांगायचं राहून गेलं, ते आता वर गेल्यावरच. दाविदला मात्र इथेच सांगायचं आहे की डबी रिकामी होती आणि तेल माझ्या खिशात होतं. तो यंदाच्या तोडीवरून परत आला की सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.